तुमचं काम कसं झालं?

"पोरगी मुकी हाय का वो, सर?"

ओट्यावर बसलेल्या आजींनी हे हळूच विचारलं, पण त्यांचं हळू समोरच्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच बसले. सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाय हो आजी. इंग्लिश मीडियमची हाय."

"अगं बया," आजी मनापासून हळहळल्या. "मग आता?"

"आता काय, चाललंय. ऐकू येतंय तिला."

आजींनी उठून माझ्या हातातला तांब्या घेतला, ओंजळीत गूळ-शेंगदाणे ठेवले आणि तोंडाजवळ तोंड आणून मोठ्यानं म्हणाल्या, "खा!" मग त्या निर्धास्त झाल्या. आपलं घरकुल कसं मंजूर झालं, यादीतलं नाव आधी कसं गळालं, मग कुणाच्या पाहुण्याला कुणाकडून सांगावं लागलं, कुणाच्या लेकीच्या लग्नात आपला बोकड कसा गेला, हे सगळं त्यांनी अगदी रंगवून सांगितलं. बोकडाची आठवण आली तेव्हा त्यांचे डोळेही भरले. बोकडाला नाव होतं.

परतीच्या एसटीत सर खूश होते. म्हणाले, "तुझा उपयोग कळला का तुला? तू गप्प बसतीस म्हणून लोक बोलतात. माझे आजवरचे सगळे मदतनीस बोलून बोलून माणसं घालवायचे."

मला हे कौतुक वाटलं नाही, पण तोपर्यंत कुणी माझ्या गप्प बसण्याला उपयोगी म्हटलं नव्हतं. घरात, वर्गात सगळीकडं तो माझा दोषच होता. खरं कारण साधं होतं. शाळा इंग्रजीत झालेली, त्यामुळं मराठी वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं. ते जुळेपर्यंत बोलणारे दोन विषय पुढं गेलेले असायचे.

सर धाराशिवला आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. राजकारणातला भ्रष्टाचार हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. तो होतो कशामुळं, आणि झाल्यावर गावाचं, माणसाचं काय होतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि गंमत म्हणजे 'भ्रष्टाचार' हा शब्द त्यांच्या वर्गात बंद होता.

एम.ए.च्या पहिल्याच तासाला एक मुलगा उठून छाती काढून म्हणाला, "सर, भ्रष्टाचार ही समाजाला लागलेली कीड आहे."

सरांनी विचारलं, "कुठली? घाटेअळी का मावा?"

वर्ग हसला. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. तो खरोखर विचारात पडला.

"बसा," सर म्हणाले. "हा शब्द आजपासून बंद. तो तोंडात आला की माणूस लगेच दुसऱ्याबद्दल बोलायला लागतो. मी तुम्हाला वेगळं विचारतो. तुमचं काम कसं झालं? शेवटचं कुठलंही काम. रेशनकार्ड, जातीचा दाखला, लाईटचा मीटर, वसतिगृहातला प्रवेश. कसं झालं?"

मग त्याच मुलानं सुरुवात केली. त्याच्या विहिरीच्या मोटरीला वीज कशी आली ते त्यानं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपण काय सांगतोय. तोपर्यंत मागच्या बाकावरून दुसऱ्यानं सुरुवात केली होती. तास संपल्यावरही लोक सांगतच होते, हसत होते, एकमेकांना टाळ्या देत होते. मी काही सांगितलं नाही. दारातून बाहेर पडताना सर माझ्याशी अगदी सहज बोलल्यासारखं बोलले, "तुमचं राहिलं." पुढच्या आठवड्यात त्यांनी मला मदतनीस म्हणून नेमलं.

त्यांच्या अंगात कायम करड्या रंगाचा सफारी असायचा. त्याला चार खिसे, आणि चारही रिकामे. पेन नाही, कागद नाही, मोबाईल घरी मॅडमच्या पर्समध्ये. "वही काढली की माणूस भाषण करतो, आणि मोबाईल काढला की गप्प बसतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं ऐकलेलं सगळं मला डोक्यात धरून ठेवावं लागायचं आणि एसटी स्टँडवर बसून उतरवून काढावं लागायचं. एखादं वाक्य मी सुधारून, शुद्ध करून लिहिलं की ते खोडायला लावायचे. "ती बाई 'लई हेलपाटे' म्हणाली. तू 'वारंवार चकरा' लिहिलंस. चकरा आणि हेलपाटे एकच आहेत का? चकरा रिकामा माणूस मारतो."

चहाबाबत त्यांचा एक नियम होता. कुणाच्याही घरी गेलं की चहा आधी मागून घ्यायचा, अगदी लाज सोडून. "चहा टाका की वहिनी, लांबून आलोय." चहा पिऊन झाला की मगच प्रश्न. एकदा प्रश्न विचारल्यावर समोरून चहा आला तर ते नम्रपणे नाही म्हणायचे. मला सांगायचे, "प्रश्नानंतर आलेला चहा हे उत्तर असतं. तो प्यायला की पुढचं उत्तर मिळत न्हाय."

ते कुणावर रागावायचे नाहीत, हे मला सुरुवातीला खटकायचं. एका पुढाऱ्यानं एकाच तलावातला गाळ कागदावर वेगवेगळ्या वर्षी कसा काढला हे मोठ्या खुशीत सांगितलं, तेव्हा सर एखाद्या गवयाला दाद द्यावी तसे मान हलवत होते. ते मूळचे कर्नाटकच्या हद्दीजवळच्या मुरुम गावचे. नवल वाटलं की तोंडातून कानडी यायचं. "येन री!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि पुढारी अजून खुलत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला राग येत नाही?" हे माझं त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं वाक्य असावं. ते म्हणाले, "मलेरियावर काम करणारा माणूस डासाला शिव्या देत बसतो का?" थोडं चालून गेल्यावर स्वतःशीच म्हणाले, "देत असेल. घरी गेल्यावर."

कोनशिलांवर त्यांचा फार जीव. ज्या कामाचं भूमिपूजन झालं आणि पुढं काम झालंच नाही, अशा कामांच्या कोनशिला ते पाहुण्यांना भेटायला जावं तसे बघायला जायचे. एका ओढ्यावरच्या पुलाच्या तीन कोनशिला होत्या, तीन वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या. पूल नव्हता. गावातल्या बायकांनी दोन कोनशिला ओढ्यात उतरायच्या पायऱ्या म्हणून लावल्या होत्या आणि तिसरीवर त्या कपडे धुवायच्या. साबणानं ती अशी लखलखत होती की नाव लांबून वाचता यायचं. सर तिच्यासमोर हात मागं बांधून उभे राहिले.

"जिल्ह्यातला सगळ्यात स्वच्छ पुढारी," ते म्हणाले.

कपडे आपटणारी एक बाई म्हणाली, "दगड चांगला हाय पण. पुलाला आसला लावला आसता तर टिकला आसता."

सरांनी ते वाक्य मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं, विसरू नये म्हणून.

शब्द गोळा करायचा नाद त्यांना होता. नळदुर्गला हायवेवरच्या एका ढाब्यावर आम्ही बसलो होतो. समोर ट्रकांची रांग, आणि ढाबेवाले काका रोटीला तूप लावत होते. सरांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. हायवेला लागून एवढी शेड, तिचं काम कसं झालं?

"झालं बगा. मामूल हाय की आपलं."

"मामूल म्हणजे?"

"मामूल म्हंजी मामूल. न्हेमीचं."

"म्हणजे लाच?"

ढाबेवाल्या काकांचा हात थांबला. "ओ साहेब, तोंड सांबाळा. आपण तसलं काय करत न्हाय. तीस वर्सं धंदा करतोय, कुणाला एक रुपाया लाच दिली न्हाय. इचारा कुणालाबी."

सरांनी दोन्ही हात जोडून माफी मागितली. मनापासून मागितली, नाटक नव्हतं. मग स्टँडकडं चालताना मला म्हणाले, "तो खोटं बोलला न्हाय, बरं का. मामूल म्हणजे रीत. निजामाच्या काळापासून हा शब्द इथं आहे. जे नेहमी होतं त्याला माणूस गुन्हा कसा म्हणेल? लोक कारण शोधायला हावरटपणाकडं जातात. मी म्हणतो सवयीकडं जा. वाईट कामाला वाईट शब्द कुणी वापरत न्हाय. चांगला शब्द कुठं गरजेपेक्षा जास्त ऐकू येतोय, तिथं थांबायचं."

मॅडमना या सगळ्याचं फार कौतुक नव्हतं. मी घरी गेले की त्या म्हणायच्या, "एवढा अभ्यास करतात, पण आमच्या घराचा उतारा अजून नावावर न्हाय." ते खरं होतं. सरांच्या घराची नोंद एका कार्यालयात अडकली होती. सर काही देत नव्हते. ते फक्त जात होते. दर आठवड्याला जायचे, बाकावर बसायचे, आणि आपल्या फाईलचं काय काय होतं ते उत्सुकतेनं बघायचे. फाईल कपाटात का गेली, या टेबलावरून त्या टेबलावर का आली, हे ते क्लार्कला इतक्या आपुलकीनं विचारायचे की त्या बिचाऱ्याला ते दिसले की घाम फुटायला लागला. शेवटी त्यानं वैतागून एका दुपारी नोंद करून उतारा हातात दिला आणि हात जोडले, "सर, आता येऊ नका." मॅडमनी पेढे आणले. सर मात्र दोन दिवस उदास होते. "केस बिघडली," म्हणाले. "ती नैसर्गिकरीत्या संपायला पाहिजे होती."

सर आता नाहीत. त्यांचं पुस्तक झालं नाही. दरवेळी एखादं नवं गाव, नवा शब्द सापडायचा आणि ते म्हणायचे, अजून एक प्रकरण. निवृत्तीनंतर ते मुरुमला परत गेले. मी एकदा भेटायला गेले होते तेव्हा बाजाराच्या दिवशी अडत दुकानासमोर स्टूल टाकून बसले होते, चारही खिसे रिकामे, आणि माप कसं होतं ते बघत होते. मला बघून त्यांनी आधी चहा मागवला. खूप वेळ आम्ही काही बोललो नाही. सरांच्या सोबत गप्प बसणं हे इतर कुणाच्याही सोबत गप्प बसण्यासारखं नव्हतं. त्यात अवघडलेपण नव्हतं. मला वाटतं, मला सगळ्यात जास्त आठवण त्याचीच येते.

त्यांनी अभ्यासात घेतलेल्या गावांपैकी एकच गाव त्यांनी स्वतःहून वगळलं. ते आमचं गाव. ढोकीच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. वगळण्याचं कारण त्यांनी एसटीत मला सांगितलं, तेही औपचारिक भाषेत, आवाज चढवून, कारण खिडकीची काच हादरत होती: "मदतनीस विद्यार्थिनीनं हस्तक्षेप केला. हे गाव आता नमुन्यात बसत न्हाय." मग धाराशिव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना राग आला होता की दुसरं काही, हे मला त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

झालं ते असं. त्या वर्षी आमच्या गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतून दोघींनी अर्ज भरले. एक, अण्णांच्या शेतावर कामाला असलेल्या घरातली सून. अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. गावात काही ठरतं ते त्यांच्या ओट्यावर. दुसरी माझी काकी. काकींनी वस्तीत बचत गट उभा केला होता. माझे काका उसाच्या हंगामात अण्णांचाच ट्रॅक्टर चालवायचे.

गावानं ठरवलं, निवडणूक बिनविरोध करायची. म्हणजे काकींनी माघार घ्यायची, मतदान होणारच नाही. बिनविरोध झालं तर गावाला वरून निधी मिळेल असं आश्वासन होतं. भांडण नको, खर्च नको, गावाचा एकोपा राहील. खरं सांगायचं तर ऐकायला वाईट काहीच नव्हतं. 'एकोपा' हा शब्द त्या आठवड्यात गावात मी इतक्या वेळा ऐकला की सरांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले.

काकींचं म्हणणं एकच होतं. रात्रीच्या स्वयंपाकाला बसल्या असताना त्या मला म्हणाल्या होत्या, "पडले तर पडले गं. पण लोकांनी मत देऊन पाडू द्या की मला. एकदा मोजू तर द्या."

माझे वडील बँकेत, आम्ही धाराशिवला राहायचो. त्यांनी मला बजावलं, "आपण गावात राहत नाही. आपण बोलायचं नाही." ते चुकीचं बोलत होते असं नाही. परिणाम भोगायला काका-काकी होते, आम्ही नव्हतो.

बाकीच्या जागांसाठी ज्यांनी अर्ज मागं घ्यायचे ठरलं होतं त्यांच्याकडून देवळाच्या सभामंडपात बेलभंडारा उचलून घेतला गेला. म्हणजे बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर शब्द द्यायचा. दिलेला शब्द मग कुणी मोडत नाही. काकींना बोलावणं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमी बेलभंडारा उचलत न्हाय." सगळ्यांना वाटलं, शपथेचा प्रश्न मिटला. पण अण्णा मोठ्या मनाचे होते. म्हणाले, "तुमचं बरुबर हाय वहिनी. कुणाच्या धर्माच्या आड आपण येत न्हाय. तुमी तुमच्या विहारात शपथ घ्या. आमी येतो तिथं."

आणि ते खरंच आले. वस्तीत सहसा न येणारी सगळी मोठी माणसं विहाराच्या दारात चपला काढून आत आली, बुद्धाच्या मूर्तीसमोर नीट वाकली, सतरंजीवर मांडी घालून बसली. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तर भरून आलं. सरांना पुढं खुर्ची दिली. काका आणि वडील पुरुषांत बसले, मी बायकांच्यात मागं भिंतीला टेकून बसले.

"सर," अण्णा म्हणाले, "तुमी शिकल्याली माणसं. तुमीच सांगा. गावात एकोपा चांगला का भांडण?"

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. मीही. काकींनी तर अशा नजरेनं पाहिलं की मला ती नजर अजून आठवते. त्यांना वाटलं होतं, पुतणीचे सर आलेत, एवढे शिकलेले, ते आता बोलतील.

"मी ऐकायला आलोय, अण्णा," सर म्हणाले. "बोलायला न्हाय."

तेवढ्यात चहा आला. सरांनी कप घेतला आणि प्यायले.

ती शिस्त होती की भीती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दोन्ही असू शकतं. मला एवढंच माहीत आहे की त्यांनी माझ्याकडं एकदाही वळून पाहिलं नाही, आणि मोकळा कप ते बराच वेळ हातात धरून बसले.

त्या वर्षी आमच्या गावात मतदान झालं हे इथंच सांगून टाकते. काकी पडल्या. त्यांना त्याचं दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही, झालं. निधी आला नाही, आणि तो आमच्यामुळं आला नाही असं अजूनही बोललं जातं. अण्णा काकांवर रागावले नाहीत. फक्त पुढच्या हंगामात ट्रॅक्टरसाठी निरोप आला नाही. पण मत मिळालेल्या प्रत्येक घराचा अंदाज काकी आजही बांधत बसतात, आणि वस्तीबाहेरच्या घरांशी येऊन थांबल्या की चेहऱ्यावर हसू येतं.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. चहाचे कप गोळा झाले. अण्णांचे एक पुतणे उठून काकींच्या शेजारी उभे राहिले, लग्नात गुरुजी उभे राहतात तसे, आणि म्हणाले, "वहिनी, मी सांगतो तसं म्हणा. हात जोडा. मी..."

"मी," काकी म्हणाल्या. आपलं पूर्ण नाव घेतलं.

"स्वखुशीनं..."

"सोखुशीनं..."

"तसं न्हाय वहिनी. स्व, खुशीनं. स्वतःच्या खुशीनं."

कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसं. काकींनी पदर सावरला. पुन्हा हात जोडले.

"सो," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

त्या मूर्तीकडं बघत नव्हत्या. काकांकडं बघत होत्या. काका सतरंजीचा एक सुटा धागा बोटाला गुंडाळत होते. पुतणे वाट बघत होते. अण्णा डोळे मिटून बसले होते, प्रार्थनेत बसावं तसे. पंखा फिरत होता. मी सरांच्या पाठीकडं पाहिलं, मग वडिलांकडं. त्यांनी बारीक मान हलवून मला नाही म्हटलं.

वाक्य मनात जुळवायची सवय असलेल्या माणसाला हे समजेल. त्या दिवशी मी काहीच जुळवलं नाही. जे तोंडातून आलं ते माझ्या शाळेच्या भाषेत नव्हतं आणि घरात आम्ही बोलतो त्या भाषेतही नव्हतं. मी उभी राहिले तेव्हा बायकांतल्या एकीनं माझी ओढणी धरली, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काकी," मी म्हणाले, "तुमची खुशी हाय का?"